घरचा सर्व्हर, बदलता आयपी आणि बाहेरून न उघडणारं पान (खानापूर तालुका)

भजनी_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी वडिलांनी जपून ठेवल्या होत्या. काकडा, हरिपाठ, एकादशीचा जागर, मधेच कुणाच्या तरी लग्नातली सनईसुद्धा. त्या सगळ्या एमपीथ्री करून एका जुन्या लॅपटॉपवर टाकल्यात. लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) आणि त्यावर नेव्हिड्रोम, म्हणजे घरची गाणी ब्राउझरमधून ऐकवणारा प्रोग्राम. घरात वायफायवर कुणाच्याही मोबाईलवर मस्त वाजतं.

भानगड बाहेरून आहे. गावातली निम्मी माणसं पुण्या-मुंबईला नाहीतर गोव्यात. त्यांना ऐकायचंय. राउटरमध्ये ४५३३ पोर्ट (नेव्हिड्रोमचं दार) लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलंय. लाइट जाऊन आली की आयपी (नेटवरचा घरचा पत्ता) बदलतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून डकडीएनएसवर (बदलत्या आयपीला नाव जोडून देणारी सेवा, डीडीएनएस म्हणतात ती) फुकटचं नाव घेतलं, लॅपटॉपच दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) ते अपडेट करतो. नाव बरोबर आयपी दाखवतं. तरी बाहेरून पान उघडत नाही, नुसतं फिरत बसतं.

नेट गावच्या फायबरवाल्याचं. तो म्हणतो स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या, महिन्याला वेगळे पैसे. भजन ऐकवायला तेवढे घालायची तयारी नाही. दुसरा काही मार्ग?

(यूट्यूबवर टाका असं कृपया सांगू नका. मंडळातल्या दोघा बुजुर्गांचा त्याला ठाम नकार आहे आणि मला तो पटतो.)

पुण्यात_अडकलेला

टेलस्केल (आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं करून देणारं ॲप) टाका आणि मोकळे व्हा.

उद्यमबाग_वायरमन

थांबा ओ, आधी रोग तर बघू.

भजनीदादा, आयपी बदलतो ही तुमची अडचण नसणार. त्याचा इलाज तुम्ही केलाच आहे. नाव बरोबर आयपीवर जातंय आणि तरी दार उघडत नाही, म्हणजे त्या आयपीवर तुमचं दारच नसावं. एक करा. राउटरच्या पानावर 'स्टेटस' किंवा 'वॅन' (बाहेरची बाजू) असं काहीतरी असेल, तिथला आयपी कागदावर लिहा. मग 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही साइट त्याच वायफायवरून उघडा आणि तो आकडा शेजारी लिहा. दोन्ही सारखे असले तर वेगळं बोलू. वेगळे असले तर पोर्ट फॉरवर्डिंगला कितीही पूजा घातली तरी उपयोग नाही.

आणि तपासताना मोबाईल डेटावरून तपासा, घरच्या वायफायवरून नको. घरातून स्वतःच्याच बाहेरच्या आयपीवर गेलं की बरेच राउटर गोंधळतात. सगळं चालू असतानाही बंद दिसतं.

भजनी_खानापूर

बघितलं. राउटरमध्ये १९२.१६८.१.४ आहे. साइटवर १०३ ने सुरू होणारा. आणि साइट म्हणते मी बंगळूरला आहे!

निपाणीकर

आमच्या निपाणीला बसून मी कधी हुबळीत असतो, कधी मुंबईत. शिनोळीला भाचीकडे गेलो की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, परत येताना कर्नाटकाचा. सीमाप्रश्न आयपीवाल्यांनासुद्धा सुटलेला नाही.

उद्यमबाग_वायरमन

गाव सोडा, ते नोंदीवरून अंदाज मारतात.

१९२.१६८ म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे घरातच अजून एक राउटर आहे. फायबर जिथे घुसते तो पांढरा डबा. तो ऑपरेटरनं राउटर म्हणूनच चालू ठेवलाय आणि तुम्ही मागं स्वतःचा लावलाय. दोन दारं झाली, पोर्ट एकाच दाराला उघडलं. पांढऱ्या डब्याच्या पानावर जा, बहुतेक १९२.१६८.१.१ वर असेल, युजर-पासवर्ड डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथला वॅन आयपी सांगा.

भजनी_खानापूर

तिथे १००.८१ ने सुरू होणारा आकडा आहे.

उद्यमबाग_वायरमन

आलं लक्षात. सीजीनॅट, म्हणजे ऑपरेटरनं एकाच आयपीमागं बसवलेली अनेक घरं.

जरा सविस्तर लिहितो, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच विचारत येतं आणि दर वेळी डीडीएनएसच्या नावानं खडे फोडतं.

जुन्या पद्धतीचे आयपी, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे, एकूण ४२९ कोटींच्या आसपास. जगाला वाटप करणाऱ्या मुख्य साठ्यातला शेवटचा गठ्ठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला वाटणारी संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला लागली, तेव्हापासून नवीन ऑपरेटरला चिमूटभरच मिळतात. ज्यांनी आधी घेऊन ठेवले त्यांची चैन आहे. गावोगावचे फायबरवाले त्यानंतर आले. त्यांच्याकडे गिऱ्हाईक हजारात आणि आयपी मूठभर. मग ते एका आयपीमागं बरीच घरं बसवतात. या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. तुमचा १००.८१ त्यातलाच. हा पत्ता ऑपरेटरच्या जाळ्यापुरताच चालतो, बाहेर त्याला किंमत नाही.

म्हणजे असं बघा, सगळ्या वाडीची टपाल पोस्टमन एका किराणा दुकानात टाकतो. वाडीतनं पत्र पाठवलं असेल तर दुकानदाराला माहीत असतं कुणाचं उत्तर येणार, तो बरोबर पोचवतो. पण बाहेरनं कुणी आपणहून पाठवलं तर ते नेमकं कुठल्या घरचं ते त्याला कळत नाही. सरळ टाकून देतो.

तुमचं डकडीएनएसचं नाव लोकांना त्या दुकानापर्यंत आणतंय. क्रॉनमधून अपडेट होताना ते बाहेर दिसणारा आयपी उचलतं, म्हणून तो 'बरोबर' वाटतो. पांढऱ्या डब्यातलंच डीडीएनएस वापरलं असतं तर काही डबे हा १००.८१ च नावाला चिकटवतात, मग निदान डोळ्याला तरी खटकलं असतं.

कॅम्प_बेळगाव

वाचनखूण साठवली.

पुण्यात_अडकलेला

म्हणून तर म्हटलं टेलस्केल. लॅपटॉप आतून बाहेर जोडणी करतो, बाहेरच्यानं दार ठोठावायचं कारणच नाही. सीजीनॅट असो, दोन राउटर असोत, आयपी तासाला बदलो. थेट जोडणी जमली नाही तर त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून जाते, त्यातला एक बंगळूरलाच आहे. पोर्ट उघडायला नको, तुमचा रक्तदाब वाढायला नको.

गंमत म्हणजे टेलस्केल स्वतःच्या यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात. डब्यावर १००.८१ आणि लॅपटॉपवर अजून एक १०० वाला दिसला तर घाबरू नका.

भजनी_खानापूर

माझ्यासाठी ठीक आहे. पण आत्याला वास्कोत फोनवर सांगायचं, ॲप घे, लॉगिन कर, हे चालू ठेव, मग ते दुसरं उघड... तिला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की वाजलं पाहिजे.

टिळकवाडीची_ताई

आत्यांचा मुद्दा बरोबर आहे. दहा-बारा माणसांच्या घरच्या कामाला टेलस्केल छान. आत्या, मामा, मंडळाचे जुने टाळकरी असा गोतावळा असेल तर ॲप लावून घेण्यातच दिवाळी येईल.

दुसरा मार्ग क्लाउडफ्लेअरचं टनेल. तेही आतून बाहेर जातं. लोकांना साधी लिंक मिळते, कुलुपाचं चिन्ह आपोआप येतं. पण स्वतःचं डोमेन लागतं आणि त्याचा कारभार त्यांच्याकडे द्यावा लागतो. डोमेनशिवाय तात्पुरतं मिळतं, पण त्याचं नाव दर वेळी वेगळं, म्हणजे परत पहिले पाढे. शिवाय फुकटच्या योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढवता येत नाही. भजनाला चालेल, माझ्याकडे फोटोंचा सर्व्हर आहे, तिथं लग्नाचे व्हिडिओ अडकत होते. आणि सगळी वाहतूक त्यांच्या यंत्रावर उघडून परत बंद होऊन पुढं जाते हे माहीत असू द्या. हरिपाठ कुणी चोरून ऐकला तर पुण्यच लागेल, पण घरच्या कागदपत्रांचा सर्व्हर असता तर मी दहा वेळा विचार केला असता.

कॅम्प_बेळगाव

फुकटच्या मांडवात बसून स्वतःचा सर्व्हर म्हणायचं म्हणजे... असो. भाड्याचा छोटा व्हीपीएस (दुसरीकडे चालणारा सर्व्हर) घ्या, मुंबई किंवा बंगळूरचा. त्याला कायमचा आयपी असतो. घरच्या लॅपटॉपवरून तिथपर्यंत वायरगार्ड (सुरक्षित बोगदा) टाका, आणि व्हीपीएसवर आलेली माणसं त्या बोगद्यातून घरी पाठवा. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्याची छोटी साधनं तेवढी बसवायची. सगळं आपल्या हातात.

उद्यमबाग_वायरमन

कॅम्पवाल्यांशी सहमत, दोन गोष्टी जोडतो कारण इथंच लोक अडकतात.

एक, लॅपटॉपच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा. नाहीतर थोडा वेळ कुणी काही ऐकलं नाही की ऑपरेटरचं यंत्र तुमची नोंद विसरतं, आणि मग व्हीपीएसकडून हाक मारली तरी घरापर्यंत पोचत नाही. घरचा आयपी बदलला तर चिंता नाही; नव्या पत्त्यावरून खरी किल्ली असलेलं पहिलं पाकीट आलं की वायरगार्ड पलीकडचा पत्ता स्वतःच बदलून घेतं.

दोन, उलटं करू नका. काही लोक घर हे सर्व्हर धरतात आणि पलीकडे डीडीएनएसचं नाव लिहितात. वायरगार्ड ते नाव सुरू होतानाच एकदा विचारतं, मग आयुष्यभर तोच आयपी धरून बसतं. नाव बदललं तरी त्याला पत्ता नसतो. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट मिळते, पण मुळात तुमच्याकडे सीजीनॅट असताना तो प्रश्न यायलाच नको.

तरी माझं मत, आधी एक फुकटचा उपाय करून बघा: फायबरवाल्याला फोन करा आणि स्टॅटिक मागू नका. पब्लिक (बाहेरून थेट दिसणारा) मागा. तो बदलता असला तरी चालेल म्हणा. स्टॅटिक म्हणजे तुमच्यासाठी कायम राखलेला, त्याला तो पैसे मागणारच. बदलता पब्लिक म्हणजे फक्त सीजीनॅटच्या कळपातून तुमची जोडणी बाहेर काढायची, त्याच्याकडे रिकामे असतील तेवढ्यातला कुठलाही द्यायचा. सगळे देत नाहीत, पण कारण नीट सांगितलं, घरी कॅमेरे आहेत, बाहेरून बघायचे आहेत असं, तर बरेच देतात. आणि बदलत्याला तुमचं डकडीएनएस आहेच की.

निपाणीकर

सहाव्या आवृत्तीचं कुणी नावच काढेना! डब्यावर आयपीव्हीसिक्स चालू आहे का बघा. लॅपटॉपला '२४०...' ने सुरू होणारा लांबलचक पत्ता मिळाला असेल तर सीजीनॅटचा प्रश्नच मिटला, कारण तिथं प्रत्येक यंत्राला जगातून दिसणारा स्वतंत्र पत्ता असतो. दुकान नाही, पोस्टमन थेट घरी. भारतात मोबाईल डेटावर आयपीव्हीसिक्स सर्रास आहे, त्यामुळे फोनवरनं ऐकणाऱ्यांना अडचण यायची नाही.

पथ्यं मात्र पाळा. नाव अपडेट करायचं काम लॅपटॉपनंच करायचं, कारण पत्ता त्याचा आहे, राउटरचा नाही. लॅपटॉपला दोन-तीन पत्ते दिसतील, त्यातला 'टेम्पररी' लिहिलेला सोडून द्यायचा, तो रोज मरतो. आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढंच एक पोर्ट त्या एका यंत्रासाठी उघडायचं. काही लोक वैतागून अख्खी फायरवॉल बंद करतात. तसं केलंत तर घरचा टीव्ही, कॅमेरे सगळेच चव्हाट्यावर.

टिळकवाडीची_ताई

निपाणीकर काका, अर्धं जग अजून चौथ्यावरच आहे. मुंबईतल्या एखाद्या ऑफिसच्या वायफायवर आयपीव्हीसिक्स नसलं की तिथला माणूस म्हणणार, तुमचा सर्व्हर बंद आहे. जोडीला ठेवायला उत्तम, एकट्याच्या भरवशावर नको.

निपाणीकर

मान्य. ऑफिसात भजन ऐकत बसलेला तो कोण म्हणा!

टिळकवाडीची_ताई

आता न विचारलेलं. भजनीदादा, जो मार्ग घ्याल तो घ्या, पण ४५३३ तसाच उघडा ठेवू नका. त्यावर साधं एचटीटीपी आहे, पासवर्ड उघड्यावर जातो. पुढं कॅडी (वेब सर्व्हर) बसवा आणि बाहेर फक्त ४४३ (कुलुपाच्या चिन्हाच्या साइटचं पोर्ट) ठेवा. कॅडी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र स्वतःच आणतं, ४४३ वरूनच काम भागतं, त्यामुळे ८० बंद असला तरी अडत नाही. प्रमाणपत्र नावाला असतं, आयपी बदलला म्हणून ते बिघडत नाही.

एसएसएचचं (दुरून लॅपटॉप चालवायची सोय) पोर्ट बाहेर उघडायचंच नाही. मी एकदा मुद्दाम उघडून लॉग बघत बसले होते. चहा संपायच्या आत 'रूट', 'ॲडमिन', 'पाय' अशा नावांनी धडका सुरू झाल्या. कुणाला तुमच्यात रस नसतो, यंत्रं सगळ्या आयपींवरून रांगेनं फिरत असतात. दुरून दुरुस्ती करायची असेल तर त्यापुरतं टेलस्केल ठेवा, तिथं ते शोभतं.

आत्यांसाठी नेव्हिड्रोममध्ये शेअरची सोय सेटिंगमधून चालू करता येते. एका अल्बमची लिंक निघते, लॉगिन लागत नाही. बाकी सगळं पासवर्डामागं.

गणेशपूरचा_संग्राहक

लाइटीचं कुणी बोललं नाही. बदलत्या आयपीपेक्षा आपल्याकडे तोच मोठा शत्रू.

लॅपटॉप वापरताय ते बरं केलंत. त्याला स्वतःची बॅटरी आहे. रास्पबेरी पाय हौसेनं घेतात, लाइट चार वेळा झपकली की मेमरी कार्ड जातं. पण लॅपटॉप चोवीस तास चार्जरवर राहिला तर बॅटरी फुगते. बायोसमध्ये किंवा डेबियनमध्ये चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर ६०-८० टक्क्यांवर थांबवा. झाकण लावलं की झोपू नये यासाठी 'लिड स्विच'ला 'इग्नोर' करा. पांढरा डबा आणि राउटर सहसा बारा व्होल्टचेच असतात (अडॅप्टरवर वाचून घ्या), त्यांच्यासाठी हाताएवढा छोटा यूपीएस मिळतो.

एवढं केल्यावर बघा की लाइट गेल्यावर फायबरचा हिरवा दिवा राहतो का. राहत नसेल तर खांबावरच्या किंवा चौकातल्या ऑपरेटरच्या डब्यालाच बॅकअप नाही. मग तुमच्या यूपीएसवर तुम्ही एकटेच भजन ऐकाल. आमच्या गल्लीत तेच होतं. राहत असेल तर आणखी एक फायदा: डबा बंदच पडला नाही की लॉगिन तुटत नाही, आणि आयपीही वरचेवर बदलत नाही.

पुण्यात_अडकलेला

हा यूपीएसवाला मुद्दा भारी. डीडीएनएसचं निम्मं काम बारा व्होल्टची बॅटरीच करते.

भजनी_खानापूर

मंडळी, फोन केला. फायबरवाल्याचा पोरगा कन्नड बोलणारा, मी म्हटलं, "सर, स्टॅटिक बेडा, पब्लिक ऐपी कोडी, चेंज आदरू परवागिल्ल." (स्टॅटिक नको, पब्लिक द्या, बदलला तरी चालेल.) तो हसला. म्हणाला असं नेमकं मागणारं गावात कुणी नाही. त्यानं तिकडून काहीतरी बदललं, मला डबा बंद करून चालू करायला लावला. आता डब्यावर आणि साइटवर तोच १०३ वाला आकडा. वेगळे पैसे मागितले नाहीत, पण बदलत राहील हे दोनदा बजावलं.

दुसरा राउटर नुसता वायफायपुरता ठेवला. डब्यातून ४४३ लॅपटॉपकडे दिला, ४५३३ बंद, कॅडी बसवलं. मोबाईल डेटावरून उघडलं! आत्याला वास्कोत लिंक पाठवली, तिनं काकड्याची पहिली बाजू लावली आणि लगेच फोन करून विचारलं, पखवाज कोण वाजवतंय. ते मलाच सांगता येईना, वडिलांना विचारावं लागलं.

प्रश्न दोन. नाव बदलून पोचायला वेळ लागतो का? आणि आता घरातल्या वायफायवरून तेच नाव उघडत नाही, मोबाईल डेटावरून उघडतं. वडिलांना दोन वेगळे पत्ते लक्षात ठेवायला कसं सांगू?

उद्यमबाग_वायरमन

जिंकलात. ऐकणाऱ्यांचा भार किती पडेल ते पण बघून ठेवा: १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला तासाला ५८ एमबीच्या आसपास लागतात. फायबरच्या अपलोडला वीस माणसं एकदम ऐकत बसली तरी काही होत नाही.

पहिला प्रश्न. नावाला टीटीएल नावाची मुदत असते, तेवढा वेळ पलीकडचं यंत्र जुना आयपी धरून ठेवतं. डकडीएनएसवर ती छोटी असते. तुमची पाच मिनिटांची क्रॉन आणि ही मुदत मिळून लाइट आल्यावर सहा-सात मिनिटं धरा. तेवढ्या वेळात कुणाचा फोन आला तर चहा घ्या म्हणा. एक लक्षात ठेवा, काही फुकट सेवा दर ३० दिवसांनी 'नाव अजून हवंय का' विचारतात, नो-आयपी त्यातली. डकडीएनएस तसं विचारत नाही, पण अधूनमधून ते फुकटातलं यंत्र दमतं, तेव्हा थोडा धीर धरा. हे काम फार महत्त्वाचं झालं तर स्वतःचं डोमेन घ्या आणि तीच स्क्रिप्ट तिथं फिरवा.

दुसरा प्रश्न मी सुरुवातीला म्हटलं होतं तोच गोंधळ. तुमच्या डब्याला आतून बाहेर जाऊन परत आत वळता येत नाही. डब्यात 'नॅट लूपबॅक' किंवा 'हेअरपिन' असा पर्याय दिसला तर चालू करा. बहुतेक ऑपरेटरच्या डब्यात तो नसतोच. मग घरापुरतं नाव आतल्या आयपीवर वळवायचं. लॅपटॉपवरच डीएनएसमास्क (नावावरून आयपी सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर) बसवा, त्यात एकच ओळ: हे नाव म्हणजे लॅपटॉपचा घरातला आयपी. डब्याच्या डीएचसीपीत (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) डीएनएस म्हणून लॅपटॉपचा पत्ता द्या. लॅपटॉपचा घरातला आयपी डब्यात आधी पक्का करून ठेवा, नाहीतर बाहेरचा मार्गी लागला आणि आतलाच बदलत बसला असं व्हायचं.

वडिलांच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर बंद करा, नाहीतर फोन लॅपटॉपला न विचारता परस्पर बाहेर विचारेल.

भजनी_खानापूर

प्रायव्हेट डीएनएस चालूच होतं. करून बघतो आणि सांगतो. पखवाज नंदगडच्या पाहुण्यांचा होता म्हणे.